डावी कळ

आमच्या घरात संगणक शिकवणारी दोन पुस्तकं आहेत. संगणक नाही.

पुस्तकं आणण्याची वेळ आली ती ह्यांच्या खुर्चीमुळे. हे म्हणजे माझे मिस्टर, नामदेवराव. (नाव लिहिण्याआधी मी दाराकडे पाहून घेतलं. कोणी नाही.) नागपुरात सदर भागात साड्यांचं एक दुकान आहे, तिथे ते कितीतरी वर्षांपासून बिलं लिहितात. खाली, पंख्याखाली, मऊ गादी टाकलेल्या खुर्चीवर. कार्बनची शाई त्यांच्या बोटात इतकी मुरली आहे की मतदानाला गेले तर तिथला साहेब म्हणेल, तुमचं झालं आहे, घरी जा.

मग शेठजींनी दुकानात संगणक आणला. त्याला हार घातला, त्याच्यासमोर नारळ फोडला आणि सगळ्या नोकरांना उभं करून सांगितलं, "दिवाळीच्या गर्दीआधी ज्याला यावर बिल करता येईल, तो या खुर्चीवर बसेल. ज्याला नाही येणार, तो वर."

'वर' म्हणजे माळ्यावरचं गोदाम. उभा लोखंडी जिना, डोक्यावर टिनाचं छप्पर आणि दिवसभर गठ्ठे उचलणं. नागपूरच्या उन्हात त्या टिनाखाली पापड ठेवला तर तव्याची गरज नाही. आणि ह्यांचे गुडघे असे वाजतात की आमच्या घराचा उंबरठा ओलांडला तरी शेजारी समजतात, नामदेवराव आले.

दुकानातला प्रवीण शिकवायला तयार होता. चांगला माणूस आहे, ह्यांच्यापेक्षा बराच लहान. पण ह्यांना ते पटेना.

"त्याले साडीची घडी घालाले मी शिकवलं," हे म्हणाले. "आता तो मले बटन दाबाले शिकवीन काय?"

"मग क्लास लावा."

"क्लासात सारे मोहल्ल्यातले पोट्टे. काका म्हनतीन अन् हासतीन. नाही. तू पुस्तक आन. चुपचाप घरी शिकतो. दिवाळीच्या आधी एका दिवशी जातो अन् फाडकन बिल काढून दाखवतो. पन कोनाले सांगू नको. भिंतीलेही नाही."

"मी आणू?"

"मी बर्डीवर पुस्तकाच्या दुकानात दिसलो तं माझ्या आधी बातमी सदरले पोचीन. तुले कोन पाहते?"

हे खरं होतं. मी दुकानात उभी राहिले की दुकानदार माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला विचारतो, काय पाहिजे.

बर्डीच्या बाजारातल्या त्या दुकानात मी माझ्या मागून आलेल्या सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. शेवटी दुकानात मी आणि दुकानदार असे दोघेच उरलो आणि त्यालाही दुसरं काही पाहायला उरलं नाही.

"बोला ताई."

"पुस्तक पाहिजे."

"हो ना. कशाचं?"

"संगणकाचं," मी इतक्या हळू म्हणाले की त्याने कान पुढे केला. मला पुन्हा सांगावं लागलं.

"कितवी?"

मला वाटलं, तो माझं शिक्षण विचारतो आहे. थोडा राग आला, पण मग विचार केला, डॉक्टर नाही का औषध देण्याआधी वय विचारत. ज्याला जेवढं झेपेल तेवढंच पुस्तक द्यायचं, असा त्याचा नियम असेल.

"चौथी," मी म्हणाले.

त्याने लगेच पुस्तक काढलं, कागदाच्या पिशवीत घातलं, मी पैसे दिले आणि मान खाली घालून बाहेर आले. रस्ताभर मला त्या माणसाचं कौतुक वाटत होतं.

घरी येऊन हे चष्मा लावून बसले. सासूबाई शेजारी बसल्या. आम्ही राहतो तांडापेठेत, विणकरांच्या वस्तीत. सासूबाईंनी उभं आयुष्य हातमागावर साड्या विणल्या आहेत. माग गेला, पण नजर तशीच राहिली. घरात कुठलीही वस्तू आली की आधी त्या तिच्यावर अंगठा फिरवतात. त्यांनी पुस्तकावरही फिरवला. वर दोन डोळे आणि हसरं तोंड असलेला संगणक होता.

"पाठ पहिला," ह्यांनी वाचलं. "चला मुलांनो, संगणकदादाला भेटू या."

"हा कोनाचा पोरगा?" सासूबाईंनी विचारलं.

हे पुढे वाचत गेले. संगणकदादा म्हणत होता, मी तुमचा मित्र आहे, मला पाणी लावू नका. हे माझ्याकडे पाहत होते. मी भिंतीकडे पाहत होते. पानाच्या शेवटी अभ्यास होता. ह्यांनी तो मोठ्याने वाचला आणि मधेच थांबले.

"काय लिवलं हाय गा?" सासूबाई.

"आईच्या मदतीने चित्र रंगवा."

सासूबाई एकदम सरसावून बसल्या. इतक्या वर्षांनी मुलाला त्यांची गरज पडली होती. "आन रंग. मी करतो मदत."

ह्यांनी पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं. "अवं, तू दुकानात काय सांगतलं?"

मी सांगितलं. हे चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

दुसऱ्यांदा सासूबाई माझ्यासोबत आल्या. "तुले वस्तू घेता नाही येत वं कुसुम," त्या बसमध्येच म्हणाल्या. "देनारा देते अन् तू घेतं. वस्तू पाहून घ्या लागते."

दुकानदाराने मला ओळखलं नाही. सासूबाईंना तो आता कधी विसरणार नाही.

"संगनकाची पुस्तकं दाखव," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. "चार-पाच काढ. उलगडून दाखव."

"उलगडून?"

"बंद साडी घेते काय कोनी?"

त्याने तीन पुस्तकं पुढे ठेवली. सासूबाईंनी पहिल्याचं पान चिमटीत धरून चोळलं. दारापाशी नेऊन उजेडाला धरलं. "विरळ हाय," म्हणाल्या. मग बोट ओलं करून दुसऱ्याच्या मुखपृष्ठावर घासलं.

"आजी, काय करून राहिल्या?"

"रंग जाते काय ते पाहून राहिली."

"पुस्तक धुवाचं नसते आजी."

"हे तू आता सांगतं. मंग घरी नेल्यावर रंग गेला तं वापस घेशीन काय?"

मागच्या गिऱ्हाइकांची रांग वाढली होती. मी एका नकाशामागे उभी होते.

दुकानदार समजावू लागला. हे पुस्तक हिंदीत आहे, कागद बरा आहे. हे मराठीत आहे, पण शब्द सगळे इंग्रजी, बाजारात लोक बोलतात तसे. सासूबाईंनी ते माझ्याकडे दिलं, "वाच." मी नकाशामागूनच एक ओळ वाचली. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज सिलेक्ट करा.

"हे मराठी हाय?" सासूबाई म्हणाल्या. "यात 'करून' अन् 'करा' सोडलं तं आपलं काय हाय?"

"मग हे घ्या," त्याने तिसरं सरकवलं. जाड, हिरव्या पुठ्ठ्याचं. "पण सांगतो आजी, हे लय शुद्ध आहे. असं कोनी बोलत नाही आता."

तो हे सावध करायला म्हणाला होता. पण आमच्या घरात रेशीम आणि तूप घेताना सासूबाई जो शब्द ऐकायला थांबलेल्या असतात, नेमका तोच त्याच्या तोंडून गेला.

"शुद्ध?" त्यांनी पुस्तक ओढून घेतलं. "पदर पाहू दे."

साडीची किंमत पदरात असते. म्हणून त्यांनी पुस्तक मागून उघडलं. शेवटच्या पानांवर शब्दांच्या दोन सरळ, दाट रांगा होत्या. डावीकडे शुद्ध मराठी शब्द, उजवीकडे त्यांचे रोजच्या वापरातले अर्थ. पानामागून पान तसंच. सासूबाईंनी दोन्ही रांगांवरून अंगठा फिरवला.

"पाह्य. दोन्ही काठ सारखे," त्या म्हणाल्या. "हेच बांध."

त्या दोन रांगांमध्ये आमच्या पुढच्या सगळ्या भानगडीचं औषध होतं. पण आम्ही ते पान काठ म्हणून पाहिलं. वाचलं कधीच नाही.

पुस्तक आलं. आता संगणक पाहिजे. ह्यांनी दुकानातून साडीचा एक रिकामा चपटा खोका आणला. त्याच्या झाकणावर मी पुस्तकात पाहून सगळी बटणं काढली. पुस्तकात त्याला कळफलक म्हटलं होतं आणि प्रत्येक बटणाला कळ. माऊस म्हणून नारळाची अर्धी करवंटी घेतली आणि तिच्यावर खडूने रेघ मारून दोन भाग केले. एक डावी कळ, एक उजवी कळ.

रोज सकाळी चहा झाला की शिकवणी सुरू. पुस्तक वाचायचं तर ह्यांना चष्मा लागतो आणि खोका पाहायचा तर चष्मा काढावा लागतो. म्हणून मी वाचायचे आणि हे करायचे. अनोळखी माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण समोर पुस्तक असलं आणि ऐकायला हे असले की माझा आवाज चांगला खणखणीत लागतो. हे मला तोवर माहीत नव्हतं. शेजारच्या शोभाबाईंना मात्र लवकरच कळलं.

शोभाबाईंची आणि आमची भिंत एक आहे, आणि ती छतापर्यंत जात नाही. त्यांना रोज सकाळी जे ऐकू जात होतं ते असं:

"डावी कळ," मी म्हणायचे. "आली का?"

"आली," हे म्हणायचे.

"दाबून धरा."

"हं... धरली."

"आता सोडा."

"सुटली."

"आता परत. लागोपाठ दोनदा. जोरात."

"आई गं." (हे त्यांनी मांडी बदलताना, गुडघ्यामुळे म्हटलं होतं.)

एके सकाळी नळावर शोभाबाईंनी माझ्या हाताला धरून मला बाजूला घेतलं.

"कुसुमताई, तुमच्या मिस्टरचं कसं हाय आता?"

"बरं आहे."

"मले माहीत हाय वं. लपवू नका. मी सारं आयकलं. डावी कळ."

माझ्या हातातली बादली खाली टेकली. गुपित फुटलं होतं. आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

"कवापासून सुरू हाय?" त्यांनी विचारलं.

"झाले काही दिवस."

"रोज?"

"रोज सकाळी. मग दुकानात जातात."

"तशेच जातात? अन् डावीच? का उजवी बी?"

"जास्त करून डावीच," मी म्हणाले. "उजवी अजून जमली नाही."

शोभाबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. "डॉक्टरले दाखवलं काय?"

मला हा प्रश्न थोडा विचित्र वाटला. पण संगणक शिकलेल्या माणसाला डॉक्टर म्हणत असतील, असं समजून मी म्हणाले, "नाही. पुस्तक आणलं आहे. त्यात पाहून घरीच करतो."

"अवं माय," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कोणाला सांगू नका," मी म्हणाले. "खुर्चीचा प्रश्न आहे."

"मी कायले सांगतो," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. मला भरून आलं. नवरा-बायको चार अक्षरं शिकतात तर शेजारणीला रडू येतं, अशी माणसं आता कुठे राहिली आहेत.

शोभाबाईंनी कोणालाच सांगितलं नाही. फक्त त्यांच्या दिराला सांगितलं. दिराची चहाची टपरी आहे, ह्यांच्या दुकानाच्या अगदी समोर.

त्या आठवड्यात हे रोज खुशीत घरी येऊ लागले. "दुकानात इज्जत वाढली माझी," म्हणाले. "प्रवीण मले गठ्ठ्याले हात लावू देत नाही. शेठजी सोता पानी आनून देतात. काल तं खुर्चीवरून उठताना दोघांनी धरलं." बोलताना त्यांनी करवंटीवर बोट आपटलं. "विद्येचं तेज असते वं. लपत नाही."

रविवारी सकाळी दारात शेठजी उभे राहिले. मागे प्रवीण, त्याच्या हातात मोसंबीची मोठी पिशवी. त्याच्या मागे शोभाबाई, हातात पुन्हा मोसंबीच. हे आत अंघोळीला बसले होते. मी स्वयंपाकघराच्या दारामागे गेले. सासूबाई खाटेवर होत्या.

शेठजींनी त्यांना वाकून नमस्कार केला. "आजी, हिंमत ठेवा."

"ठेवली हाय बाप्पा," सासूबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, शेठजींना शिकवणीचं समजलं. "कठीन हाय, पन करून राहिला तो."

"किती दिवसांचं आहे?"

"दिवाळीपर्यंतचं."

शेठजींनी भिंतीला हात टेकवला. "फक्त दिवाळीपर्यंत? असं कोण म्हणालं?"

"कोन म्हनालं म्हंजे? तुमीच तं म्हनले."

शेठजी खाली बसले. प्रवीणने मोसंबीची पिशवी छातीशी धरली. त्याच वेळी हे छातीपर्यंत टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि इतकी माणसं पाहून जागच्या जागी थांबले.

"नामदेवराव," शेठजी हात जोडून म्हणाले, "मला एका शब्दाने सांगितलं नाही तुम्ही. उद्यापासून दुकानात येऊ नका. घरी आराम करा. पगाराची काळजी करू नका, मी बघतो. खुर्चीवर प्रवीण बसेल."

खुर्ची हा शब्द ऐकला आणि ह्यांचा चेहरा उतरला. तोंड उघडलं, पण आवाज निघेना. एक हात आपोआप छातीवर गेला, कारण टॉवेल सुटत होता.

"आली," शोभाबाई म्हणाल्या. "डावी कळ आली."

मग जे झालं ते इतक्या भराभर झालं की मला नीट सांगताही येणार नाही. प्रवीणने ह्यांना पाठीमागून धरलं. शेठजींनी पाय धरले. खाटेवरून सासूबाईंना उठवून तिथे ह्यांना आडवं केलं. शोभाबाई तळपाय चोळू लागल्या. हे "अजी आयका" म्हणायचे की शेठजी "बोलू नका, दम लागेल" म्हणायचे. प्रवीणने मोसंबी सोलली आणि ह्यांनी पुन्हा तोंड उघडलं तशी एक फोड आत घातली. सासूबाई सगळ्यांच्या पाठीमागून विचारत होत्या, "अरे पन काहून झोपवून राहिले त्याले?" शेठजींनी फोन काढला. "गाडी बोलावतो. दवाखान्यात नेऊ."

हे माझ्याकडे पाहत होते. तोंडात मोसंबी होती, पण डोळे म्हणत होते, बोल वं.

बोलायचं मलाच होतं. मी फडताळातून खोका काढला, त्यावर करवंटी ठेवली, पुस्तक घेतलं आणि सगळ्यांच्या मधोमध येऊन उभी राहिले. शेठजींशी मी तोवर एक अक्षरही बोलले नव्हते. मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. म्हणून मी पुस्तक उघडलं, आणि मग आवाज आला. रोजचाच, खणखणीत.

"पाठ सातवा. डावी कळ दाबा."

सगळे थांबले. शोभाबाईंनी ह्यांचा पाय सोडला.

"लागोपाठ दोनदा," मी वाचलं.

खाटेवर आडव्या पडलेल्या ह्यांनी सवयीने हात लांब केला, माझ्या हातातल्या खोक्यावरच्या करवंटीवर बोट टेकवलं आणि टक टक केलं. मग मोसंबी गिळून म्हणाले, "उघडलं."

"काय उघडलं?" शेठजींनी विचारलं.

"बिलाचं पान," हे म्हणाले. "असं समजाचं."

शेठजींनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. मग खोक्याकडे पाहिलं. खोका त्यांच्याच दुकानाचा होता. "कळ म्हणजे," ते हळूच म्हणाले, "क्लिक?"

"क्लिक म्हंजे काय?" ह्यांनी विचारलं.

प्रवीण मोसंबीची पिशवी घेऊन अंगणात गेला. तिथून बराच वेळ त्याच्या हसण्याचा आवाज येत होता. शोभाबाई म्हणाल्या, "मी तं चांगल्यासाठीच सांगतलं," आणि आपली मोसंबी उचलून घरी गेल्या.

शेठजी हसले नाहीत. व्यापारी माणूस. "ठीक आहे," म्हणाले. "उद्या दुकानात या. एक बिल काढून दाखवा. निघालं तर खुर्ची तुमची, नाही तर वर. आणि वहिनींना आणा. त्यांनी वाचल्याशिवाय तुमचं चालत नाही असं दिसतं."

रात्रभर मला झोप नव्हती. हे मात्र निवांत झोपले. त्यांना वाटत होतं, वाचायचं तर मला आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानात आधीच गर्दी. समोरचा चहावाला टपरी सोडून आला होता. ह्यांनी खुर्चीला हात लावून नमस्कार केला आणि बसले. माऊस हातात घेतला, उलटा करून आत पाहिलं (करवंटीत पाहायची सवय), पुन्हा सुलटा ठेवला. मी त्यांच्या मागे उभी राहून पुस्तकात तोंड घातलं आणि वाचू लागले. गिऱ्हाईक बायका साड्या सोडून माझ्याकडे पाहत होत्या. मी वर पाहिलं नाही.

"डावी कळ."

ह्यांनी दाबली. पडद्यावर खरंच काहीतरी उघडलं. इतके दिवस 'असं समजाचं' म्हणत होतो, ते आता समोर उघडलेलं पाहून आम्ही दोघंही घाबरलो.

"गिऱ्हाइकाचं नाव," प्रवीण म्हणाला.

"वहिनींचंच टाका," शेठजी म्हणाले.

ह्यांनी एकेक अक्षर शोधून माझं नाव उमटवलं. मला कसंतरीच झालं. लग्नाच्या पत्रिकेनंतर माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. साडी कुठली, ते निवडलं. भाव आपोआप आला. शेठजींची मान हळूहळू होकारार्थी हलू लागली.

"नग किती?" प्रवीण.

"एक," हे म्हणाले आणि एकाची कळ दाबली.

आता खोक्यावरची कळ ही पुठ्ठ्याची. ती जोर लावल्याशिवाय दाबल्यासारखी वाटायची नाही, म्हणून ह्यांना बोट चांगलं रुतवून धरायची सवय झालेली. तसंच त्यांनी इथे धरलं. मी मात्र वाचण्यात गुंग होते. "आता छपाईची कळ दाबा," मी वाचलं. ह्यांनी दाबली.

कागद बाहेर आला. शेठजींनी तो हातात घेतला. वाचला. चष्मा वर करून पुन्हा वाचला.

"नामदेवराव," ते म्हणाले, "नाव बरोबर आहे. भाव बरोबर, टॅक्स बरोबर, बेरीज बरोबर. बिलात काही चूक नाही." कागद त्यांनी टेबलावर ठेवला. "फक्त या साडीचा इतका माल दुकानात नाही."

प्रवीणने वाकून पाहिलं. माझ्या नावावर एकशे अकरा साड्या होत्या.

हे खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. मला तो लोखंडी जिना दिसू लागला. चहावाल्याने तोंडावर गमछा धरला. शेठजी वळले आणि थेट माझ्याकडे पाहून, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं अगदी गंभीरपणे म्हणाले, "काय वहिनी, माल आत्ता नेता की घरी पाठवून देऊ?"

इतक्या लोकांसमोर कोणी मला प्रश्न विचारण्याची ही पहिलीच वेळ. या वेळी पुस्तकात उत्तर नव्हतं. मला एवढंच समजलं की मोठ्या माणसाने विचारलं आहे, तर नीट उत्तर द्यावं.

"पाठवूनच द्या," मी म्हणाले. "मी पिशवी नाही आणली."

शेठजी आदल्या दिवशीपासून जे हसू व्यापारी म्हणून दाबून बसले होते, ते सगळं एकदम सुटलं. त्यांना गादीवर लोडाला टेकवून बसवावं लागलं. बोलता येईना, म्हणून त्यांनी हातानेच ह्यांना खूण केली, बसा, तिथेच बसा. मग श्वास घेऊन म्हणाले, "बोट उचलायला तेवढं शिका. खुर्ची तुमची."

हे आजही खाली, पंख्याखाली बसतात आणि चांगली बिलं काढतात. मी कधी दुकानात गेले तर प्रवीण 'या वहिनी' म्हणण्याआधी माझ्या हाताकडे पाहतो. पण आता मी पिशवी घेतल्याशिवाय जातच नाही. मोठी घेते.